अपघात दाव्यात मंजूर झालेली भरपाई अपुरी आहे. उच्च न्यायालयात अपील करावे का?

धाकटा_भाऊ (प्रश्नकर्ता)

नमस्कार. माझे थोरले बंधू गवंडीकाम करतात. खरे तर करत होते, असेच म्हणावे लागेल. फेब्रुवारी 2021 मध्ये कामावरून मोटरसायकलने घरी परतत असताना बाजूच्या रस्त्याने आलेल्या टेम्पोने त्यांना उजवीकडून धडक दिली. उजव्या मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले आणि गुडघ्यालाही मार बसला. दोन शस्त्रक्रिया झाल्या, मांडीतला रॉड अजून आतच आहे. अपघाताच्या वेळी त्यांचे वय 38 वर्षे होते. आज ते काठीशिवाय चालतात. पण गुडघा पुरता वाकत नाही, पाय सुमारे पाऊण इंच आखूड झाला आहे, त्यांना उकिडवे बसता येत नाही आणि परांचीवर चढणे तर दूरच. सध्या ते एका सिमेंटच्या दुकानात मालाची नोंद ठेवतात.

ऑगस्ट 2021 मध्ये दाखल केलेल्या दाव्याचा निवाडा 4 सप्टेंबर 2025 रोजी झाला. टेम्पोचालकाचा निष्काळजीपणा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने मान्य केला, विमा पॉलिसी चालू होती, त्यामुळे पैसे कोणी द्यायचे याबद्दल वाद नाही. वाद आहे तो रकमेचा. दाव्यात आम्ही महिना 20,000 रुपये उत्पन्न सांगितले होते. लेखी पुरावा नाही म्हणून न्यायाधिकरणाने 9,000 धरले. सिव्हिल सर्जनच्या दाखल्यात उजव्या पायाचे 42 टक्के कायमचे अपंगत्व आहे. न्यायाधिकरणाने कमाईतील घट 15 टक्के धरली. वयानुसार गुणक (वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणतात तो आकडा) 15 लावून भविष्यातील कमाईच्या नुकसानीपोटी 2,43,000 रुपये, औषधोपचाराच्या बिलांचे 1,86,400, उपचारकाळातील बुडालेल्या कमाईचे तीन महिन्यांचे 27,000, वेदनांसाठी 40,000 आणि आहार-प्रवासासाठी 10,000 असे एकूण 5,06,400 रुपये झाले. त्यातून बंधूंनी हेल्मेट घातले नव्हते या कारणाने दहा टक्के कपात होऊन हाती 4,55,760 रुपये आणि अर्जाच्या तारखेपासून सात टक्के व्याज. रॉड काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी काहीही दिलेले नाही, जरी डॉक्टरांनी 60,000 रुपयांचा अंदाज लेखी दिला होता.

मला विचारायचे आहे ते असे. केवळ रक्कम कमी वाटते म्हणून अपील करता येते का, आणि केले तर मिळाले आहे तेही कमी होण्याचा धोका किती? अपील चालू असताना विमा कंपनीने भरलेली रक्कम उचलता येते का? एका वकिलांनी वाढीव रकमेच्या वीस टक्के फी मागितली आहे. ही पद्धत रूढ आहे का? शिवाय कोणीतरी सांगितले की अपिलासाठी आधी पंचवीस हजार रुपये भरावे लागतात. बंधूंना विचारले तर ते म्हणतात, "मिळाले ते घे आणि गप्प बस." मला मात्र ते पटत नाही.

---

जुनी_निशाणी

मी मोटार अपघात दाव्यांत बावीस वर्षे वकिली करतो. कागद न पाहता कोणत्याही खटल्याबद्दल छातीठोक बोलू नये, तरी आपण आकडे इतके नीट दिले आहेत की काही गोष्टी निःशंकपणे सांगता येतात.

प्रथम गैरसमज दूर करतो. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 173 खाली निवाड्यापासून 90 दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. 25,000 रुपये किंवा मंजूर रकमेच्या निम्मे, यांपैकी जे कमी असेल ते भरण्याची अट ज्याच्यावर पैसे देण्याची जबाबदारी आली आहे त्याच्यासाठी आहे. आपले बंधू पैसे घेणारे आहेत. त्यांना ही अट लागू नाही. तसेच 2019 च्या दुरुस्तीनंतर अपिलातील वादाची रक्कम एक लाखापेक्षा कमी असेल तर अपील चालत नाही. पूर्वी ही मर्यादा दहा हजारांची होती. ही दुरुस्ती 1 एप्रिल 2022 पासून अमलात आली. आपल्या प्रकरणात हा अडथळा येईल असे मला वाटत नाही, पण तो लक्षात ठेवून अपिलाचे मुद्दे एकत्र मांडले पाहिजेत. कसे ते पुढे येतेच.

"रक्कम कमी वाटते" हे अपिलाचे कारण होत नाही. उच्च न्यायालय आपल्याला विचारणार ते हे, की हिशेबाच्या कोणत्या पायरीवर न्यायाधिकरण चुकले. आपल्या निवाड्यात मला अशा किमान चार पायऱ्या दिसतात आणि त्या सर्वांचे वजन सारखे नाही.

सर्वांत सरळ चूक म्हणजे भविष्यातील उत्पन्नवाढ मुळीच धरलेली नाही. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध प्रणय सेठी या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 31 ऑक्टोबर 2017 रोजी ठरवून दिले की स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या किंवा ठरावीक पगारावर असणाऱ्या व्यक्तीचे वय चाळीसपेक्षा कमी असेल तर उत्पन्नात 40 टक्के वाढ धरावी, चाळीस ते पन्नास असेल तर 25 टक्के आणि पन्नास ते साठ असेल तर 10 टक्के. तो खटला मृत्यूचा होता, म्हणून जखमींच्या दाव्यांत ही वाढ लागू नाही असा युक्तिवाद विमा कंपन्या बरीच वर्षे करीत आल्या. सप्टेंबर 2020 मध्ये पप्पू देव यादव या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा वाद मिटवला आणि कायमचे अपंगत्व आलेल्या जखमी व्यक्तीलाही ही वाढ द्यावी असे स्पष्ट केले. म्हणजे 9,000 रुपयेच उत्पन्न मानले तरी ते 12,600 व्हायला हवे होते. बारा महिने, गुणक 15 आणि 15 टक्के घट असा हिशेब केला तर 3,40,200 रुपये येतात. फरक 97,200 चा. पाहा, निव्वळ हा एक मुद्दा घेऊन गेलात तर एक लाखाची मर्यादाही गाठत नाही. म्हणून मी वर मुद्दे एकत्र मांडा म्हणालो.

गुणकाबद्दल तक्रार करू नका. सरला वर्मा निकालातील तक्त्याप्रमाणे 36 ते 40 वयासाठी 15 हाच गुणक आहे. न्यायाधिकरणाने तो बरोबर लावला आहे, आणि बरोबर असलेल्या गोष्टीवर बोट ठेवले की बाकीच्या मुद्द्यांचेही वजन घटते.

हेल्मेटची कपात मला सर्वांत खटकते. डोक्याला इजा झाली असती तर हेल्मेट नसल्याने ती वाढली असे म्हणता आले असते. मांडीचे हाड मोडण्याचा हेल्मेटशी संबंध काय? मोहम्मद सिद्दीक प्रकरणात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटरसायकलवर तिघे बसल्याच्या संदर्भात हेच तत्त्व सांगितले: नियमाचा भंग झाला एवढ्यावरून जखमीचा वाटा ठरत नाही; त्या भंगामुळे अपघात घडला किंवा इजेत भर पडली हे दिसले पाहिजे. ते दिसले नाही तर कपातही टिकत नाही. दंडाचे चलन वेगळे आणि भरपाईतील कपात वेगळी.

मात्र खरी मोठी रक्कम अडकली आहे ती 15 टक्क्यांत. त्याबद्दल लिहिण्यापूर्वी मला एक माहिती हवी आहे: सिव्हिल सर्जन किंवा उपचार करणारे डॉक्टर साक्षीला आले होते का, आणि उलटतपासणीत त्यांनी नेमके काय उत्तर दिले?

फीबद्दल थोडक्यात: निकालात मिळणाऱ्या रकमेच्या हिश्श्यावर फी ठरवणे वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनुसार निषिद्ध आहे. ते सर्रास चालते हे मी नाकारत नाही, पण आपण ते मान्य करायला बांधलेले नाही. शिवाय विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 खाली अपंग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक मदत मिळू शकते. दाखल्यात 42 टक्के आहेत, म्हणजे 40 टक्क्यांची किमान पातळी ओलांडलेली आहे. उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करून पाहा.

---

हाडवैद्य_नव्हे_डॉक्टर

कायद्याचे मला कळत नाही, परंतु अस्थिरोग विभागात काम करताना असे दाखले मी स्वतः दिले आहेत आणि साक्षीच्या पिंजऱ्यातही उभा राहिलो आहे. म्हणून दाखल्याबद्दल लिहितो.

42 टक्के म्हणजे शरीराचे 42 टक्के नव्हे. सांध्याची हालचाल किती कमी झाली, स्नायूंची ताकद किती उरली, पाय किती आखूड झाला, माणूस उकिडवा बसू शकतो का, जिना चढू शकतो का, या सर्वांचे ठरलेले गुण मांडून त्या एका पायाचे अपंगत्व काढले जाते. संपूर्ण शरीराच्या हिशेबात हा आकडा कमी होतो. न्यायाधिकरणाने 42 चे 15 केले ते बहुधा याच समजुतीने, आणि इथवर त्यांची चूक नाही.

परंतु हा आकडा माणसाच्या देहाबद्दल बोलतो, त्याच्या पोटापाण्याबद्दल बोलत नाही. एखाद्या बँकेतल्या कारकुनाचा गुडघा साठ अंशांवर अडकला तर तो खुर्ची थोडी मागे सरकवतो आणि काम चालू ठेवतो. गवंड्याचे तसे नाही. पायाचे चिरे बसवताना, फरशी घालताना, भिंतीच्या खालच्या थरांना ओळंबा लावताना त्याला जमिनीलगत बसावेच लागते; वरच्या थरांना आणि गिलाव्याला परांचीवर तोल सांभाळत उभे राहावे लागते. जो माणूस खाली बसू शकत नाही आणि वर चढू शकत नाही, त्याला भिंतीचा छातीएवढा मधला पट्टा तेवढा उरतो. तेवढ्यासाठी कोणी गवंडी लावत नाही.

खेदाची गोष्ट अशी, की साक्षीत आम्हा डॉक्टरांना कोणी हे विचारतच नाही. "रुग्ण काठीशिवाय चालू शकतो का?" असा प्रश्न येतो, आम्ही "होय" म्हणतो, आणि ते खरेच असते. पुढचा प्रश्न विचारण्याचे काम अर्जदाराच्या वकिलाचे. रुग्णाच्या व्यवसायाबद्दल मला आजवर फार तर तीन-चार वेळा विचारले गेले असेल.

---

धाकटा_भाऊ

डॉक्टरसाहेब, आपण लिहिले ते वाचून बंधूंना दाखवले. छातीएवढ्या पट्ट्याचे वर्णन वाचून ते पहिल्यांदाच या विषयावर सविस्तर बोलले.

वकीलसाहेब, कालच निवाड्याची आणि साक्षींची प्रमाणित प्रत पुन्हा वाचली. उपचार करणारे डॉक्टर साक्षीला आले होते. सरतपासणीत त्यांनी गुडघ्याची हालचाल शून्य ते साठ अंश एवढीच असल्याचे, पाय आखूड झाल्याचे आणि "रुग्णास उकिडवे बसणे, उंचावर चढणे व जड ओझे उचलणे शक्य नाही" असे सांगितले आहे. उलटतपासणीत त्यांनी मान्य केले की रुग्ण आधाराशिवाय चालू शकतो आणि "हलक्या स्वरूपाचे काम करू शकतो". न्यायाधिकरणाने निवाड्यात हे एवढे शेवटचे वाक्य उचलले आहे. बंधूंनी आपल्या जबानीत गवंडीकाम करतो असे सांगितले होते आणि ते कोणी खोडून काढलेले नाही. ज्या ठेकेदाराकडे ते नऊ वर्षे होते त्यांना मात्र आम्ही साक्षीला बोलावले नाही. त्यांनी त्या वेळी टाळाटाळ केली होती.

---

जुनी_निशाणी

मग आपली बाजू मला वाटली होती त्यापेक्षा बरी आहे. उकिडवे बसणे आणि उंचावर चढणे शक्य नाही हे डॉक्टरांचे वाक्य पुराव्यात आले आहे, ही फार मोलाची गोष्ट आहे. ते नसते तर अपिलात नव्याने आणणे अवघड गेले असते.

या विषयावरचा पायाभूत निकाल म्हणजे राज कुमार विरुद्ध अजय कुमार, ऑक्टोबर 2010. त्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन टप्पे सांगितले आहेत: अपंगत्वानंतर जखमी व्यक्ती कोणत्या हालचाली करू शकते आणि कोणत्या नाही हे आधी पाहावे, मग अपघातापूर्वीचा तिचा व्यवसाय, कामाचे स्वरूप आणि वय पाहावे, आणि त्यानंतर ठरवावे की तिची कमाईची क्षमता पूर्ण गेली, की तोच व्यवसाय ती कमी प्रमाणात करू शकते, की दुसरे काही काम करून पोट भरू शकते. दाखल्यातला टक्का उचलून तसाच कमाईला लावणे जितके चूक, तितकेच कारण न देता त्याचा तिसरा हिस्सा धरणेही चूक. डावा हात गमावलेल्या सुताराचे किंवा ड्रायव्हरचे नुकसान आणि त्याच इजेच्या सरकारी कारकुनाचे नुकसान एक नव्हे, असे उदाहरण त्या निकालातच आहे. पुढे जगदीश विरुद्ध मोहन या 2018 च्या प्रकरणात दोन्ही हात निकामी झालेल्या सुताराच्या दाखल्यावर 90 टक्के होते, तरी कमाईची क्षमता पूर्णच गेली असे धरले गेले. ज्या पप्पू देव यादव प्रकरणाचा मी आधी उल्लेख केला, त्यात उजवा हात गमावलेल्या टंकलेखकाची घट खालच्या न्यायालयांनी 45 टक्के धरली होती. ती 65 टक्के झाली.

आपल्या बंधूंसाठी शंभर टक्के मागू नका. ते दुकानात काम करतात हे लपवायचे नाही आणि लपणारही नाही. राज कुमारच्या चौकटीत ते "पूर्वीचा व्यवसाय गेला, पण दुसरे काम करतात" या प्रकारात बसतात. म्हणून आज दुकानात जे मिळते आणि गवंडी म्हणून जे मिळत होते त्यातला फरक हाच खरा मापदंड. 35 टक्के मान्य झाले, तर 9,000 उत्पन्न आणि 40 टक्के वाढ धरूनही 7,93,800 रुपये होतात. न्यायाधिकरणाने याच सदरात 2,43,000 दिले आहेत. उत्पन्न 15,000 मान्य झाले तर त्याच टक्क्याने 13,23,000. मी आश्वासन देत नाही, पैसे कुठे अडकले आहेत ते दाखवतो आहे.

उत्पन्नाबाबत: असंघटित क्षेत्रातील माणसाकडे पगारपत्रक नसते हे न्यायालयांनाही ठाऊक आहे. लेखी पुरावा नसेल तर किमान वेतनाची अधिसूचना हा एक आधार होऊ शकतो, पण तोच अंतिम नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये चंद्रा विरुद्ध मुकेश कुमार यादव या प्रकरणात म्हटले आहे. तेव्हा फेब्रुवारी 2021 मध्ये कुशल बांधकाम कामगाराचा किमान वेतनाचा दर आपल्या परिमंडळात काय होता ती अधिसूचना काढून अपिलाला जोडा. ती सरकारी कागद असल्याने तिच्यासाठी साक्षीदार उभा करावा लागत नाही. ठेकेदाराला आता आणायचे तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41 नियम 27 खाली, म्हणजे अपिलात नवा पुरावा देण्याच्या परवानगीसाठी, अर्ज करावा लागेल आणि तेव्हा का आणले नाही याचे पटणारे कारण द्यावे लागेल. टाळाटाळ केली एवढे पुरेलच असे नाही.

बाकीची सदरे लहान आहेत, पण सोडू नका. जीवनातील सुखसोयींना मुकण्याची भरपाई हे वेदनांपेक्षा वेगळे सदर आहे. त्याखाली काहीच दिलेले नाही. दोन शस्त्रक्रिया झालेला गवंडी तीन महिन्यांत कामावर गेला, हे निवाड्यातील गृहीतक कोणत्या कागदावर उभे आहे ते शोधा. तपासणीच्या नोंदी आठ-नऊ महिने चालू असतील तर त्या दाखवा. रॉड काढण्याचा खर्चही मागा. फक्त भविष्यातील उपचारांच्या रकमेवर सहसा व्याज मिळत नाही, एवढे लक्षात असू द्या.

---

दावाविभाग_निवृत्त

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसत असे, म्हणजे एका विमा कंपनीच्या दावा विभागात. त्यामुळे धोक्याची बाजू मी सांगतो.

केवळ अर्जदाराचे अपील असेल आणि विमा कंपनीने काहीच केले नसेल, तर उच्च न्यायालय मंजूर रक्कम सहसा कमी करत नाही. परंतु आपल्या अपिलाची नोटीस कंपनीला पोचली की तिला एक महिन्यात क्रॉस ऑब्जेक्शन (त्याच अपिलात निवाड्याविरुद्ध स्वतःची हरकत) दाखल करण्याची संधी मिळते आणि मग रक्कम दोन्ही दिशांना हलू शकते. साधारण पाच लाखांच्या निवाड्यावर कंपनी स्वतःहून अपिलात जाण्याचा खर्च करत नाही. आम्ही अशा फायलींवर "निवाडा पाळावा" असा शेरा मारून मोकळे होत असू. अपिलाची नोटीस आली की तीच फाईल पुन्हा वकिलाकडे जाते आणि तो कपातीची जागा शोधतो. आपल्या निवाड्यात तशी जागा मला फारशी दिसत नाही: उत्पन्न आधीच कमी, टक्का कमी, बिलांना पावत्या. म्हणून धोका अल्प आहे, शून्य नाही.

उलट प्रसंगही सांगून ठेवतो. कंपनीनेच अपील केले आणि आपण स्वस्थ बसलात, तर वाढ मागण्याचा आपला हक्क धोक्यात येतो. रंजना प्रकाश या 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की अर्जदाराने स्वतःचे अपील किंवा क्रॉस ऑब्जेक्शन केले नसेल तर त्याला मूळ रकमेचा बचाव करता येतो, वाढ मागता येत नाही. पुढे 2020 मध्ये, मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या सुरेखा विरुद्ध संतोष या प्रकरणात, अशा दाव्यांत फार तांत्रिक होऊ नये आणि न्याय्य भरपाई द्यावी असे त्याच न्यायालयाने सांगितले. हा दिलासा आहे खरा, पण त्याच्या भरवशावर मुदत घालवू नये.

भरलेली रक्कम उचलण्याबाबत: हरकत राखून रक्कम स्वीकारली तर अपिलाला बाधा येत नाही. जपायचे ते पावतीला. "संपूर्ण व अंतिम समाधानापोटी" अशा मजकुराच्या छापील कागदावर सही घेण्याचा प्रयत्न होतो. आम्हीही घेत असू, हे कबूल करतो. ते शब्द खोडून "निवाड्यापोटी, अपिलाचा हक्क राखून" असे लिहा आणि मगच सही करा. आणि कंपनीने रक्कम भरलीच नाही तर अपिलाची वाट न पाहता दरखास्त, म्हणजे निवाड्याच्या वसुलीचा अर्ज, दाखल करा. आपल्या अपिलामुळे मूळ निवाड्याची वसुली थांबत नाही.

लोकअदालतीचे आमिषही येईल. उच्च न्यायालयात प्रकरण दाखल झाले की वर्षभरात एखादी लोकअदालत लागते आणि कंपनी आकडा टाकते. आकडा पटला तर घ्यायला हरकत नाही, कारण पहिली अपिले पाच-सहा वर्षे पडून राहिलेली मी पाहिली आहेत. मात्र लोकअदालतीत झालेल्या तडजोडीवर पुन्हा अपील नाही, तो शेवट.

---

पुणेरी_पगडीवाली

मूळ प्रश्नाला धरूनच एक विचारते. माझ्या अपघात दाव्यात हॉस्पिटलच्या बिलांतून मेडिक्लेमची 1,40,000 रुपये रक्कम वजा केली गेली, "तो खर्च तुम्ही केलाच नाही" या कारणाने. हप्ते तर मी अकरा वर्षे भरत होते. हाही अपिलाचा मुद्दा होतो का?

---

जुनी_निशाणी

होतो, ताई, आणि आता पूर्वीपेक्षा ठामपणे होतो. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने नेमका हाच प्रश्न निकाली काढला: मेडिक्लेमची रक्कम ही हप्ते भरून केलेल्या करारातून मिळते, अपघात करणाऱ्याची जबाबदारी त्याने कमी होत नाही, म्हणून ती भरपाईतून वजा करता येत नाही. आपली वादाची रक्कमही एक लाखाच्या वर आहे. मुदत उलटून गेली असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडावा लागेल. कलम 173 मध्ये पुरेसे कारण दाखवल्यास उशीर माफ करण्याची तरतूद आहे. मात्र "वकिलांनी सांगितले नाही" हे कारण मी स्वतः अनेकदा फेटाळले गेलेले पाहिले आहे, तेव्हा आजारपणाचे, फिजिओथेरपीचे, जे खरे असेल त्याचे कागद जोडा.

आता धाकट्या बंधूंसाठी दोन व्यावहारिक गोष्टी. आपला जिल्हा कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग यांपैकी असेल तर अपील मुंबईला नेण्याची गरज नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (मुंबईबाहेर बसणारे न्यायपीठ) सुरू झाले आहे आणि या सहा जिल्ह्यांची प्रकरणे तिथेच चालतात. तारखेसाठी रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठणाऱ्या पक्षकारांची दगदग मी जवळून पाहिली आहे, त्यामुळे हे लिहिताना मला विशेष समाधान वाटते.

दुसरी गोष्ट मागणीच्या रकमेची. मूळ दाव्यात आपण किती मागितले होते ते लिहिले नाही. त्याहून जास्त रक्कम न्याय्य ठरत असेल तर न्यायालय ती देऊ शकते, हे नागप्पा प्रकरणापासून म्हणजे 2003 च्या सुमारापासून स्थिर आहे. फक्त वाढीव रकमेवरील न्यायालयीन शुल्क नंतर भरावे लागते. म्हणून जुन्या मागणीच्या आकड्यापाशी अडून राहू नका. प्रमाणित प्रतीसाठी अर्ज केव्हा केला आणि ती केव्हा मिळाली?

---

धाकटा_भाऊ

आमचा जिल्हा त्या सहांपैकीच आहे. मूळ मागणी बारा लाखांची होती. प्रमाणित प्रतीसाठी 11 सप्टेंबरला अर्ज केला आणि 6 ऑक्टोबरला प्रत मिळाली. विमा कंपनीने अजून रक्कम भरलेली नाही.

बंधूंशी काल पुन्हा बोललो. त्यांचे म्हणणे असे, की दुकानाचे मालक आज महिना 8,000 रुपये देतात ते लिहून द्यायला तयार आहेत, पण न्यायालयात यायला तयार नाहीत. दुसरे म्हणजे आईच्या पेटीत बंधूंची एक जुनी वही सापडली. ते रोजच्या हजेरीच्या खुणा आणि आठवड्याचा उचललेला पगार त्यात लिहीत असत. 2018 ते जानेवारी 2021 पर्यंतच्या नोंदी आहेत आणि काही पानांवर ठेकेदाराच्या सह्या आहेत. दिवसाला 650 आणि नंतर 700 रुपये असा दर दिसतो. दावा दाखल करताना हिची आठवण कोणालाच झाली नाही.

---

जुनी_निशाणी

ती वही जपून ठेवा आणि तिच्यात आता एक रेघही वाढवू नका. महिन्याला बावीस-तेवीस दिवस काम धरले तरी 700 च्या दराने 15,000 च्या वर जाते. म्हणजे 9,000 हा आकडा किती अपुरा आहे हे ती वही सांगते. ती अतिरिक्त पुरावा म्हणून दाखल करण्यासाठी आदेश 41 नियम 27 चा अर्ज अपिलासोबतच द्या. वही सापडली कशी, आधी का आली नाही, हे बंधूंच्या स्वतःच्या प्रतिज्ञापत्रात साध्या भाषेत लिहा. न्यायालयाला आवश्यक वाटले तर ते पुरावा स्वतः नोंदवील किंवा तेवढ्या मुद्द्यापुरते प्रकरण न्यायाधिकरणाकडे परत पाठवील. परत पाठवले तर वेळ जाईल, पण मग ठेकेदाराला समन्स काढता येईल आणि समन्स आल्यावर टाळाटाळ चालत नाही. दुकानमालकाच्या नुसत्या चिठ्ठीवर फार विसंबू नका. 8,000 रुपये बँक खात्यात जमा होत असतील तर खातेउतारा पुरेसा बोलका ठरेल.

मुदतीचा हिशेब असा: 4 सप्टेंबरपासून 90 वा दिवस 3 डिसेंबर 2025 हा येतो. प्रमाणित प्रत मिळवण्यात गेलेले 11 सप्टेंबर ते 6 ऑक्टोबर हे सव्वीस दिवस मुदत कायद्यानुसार वगळता येतात, त्यामुळे कागदावर 29 डिसेंबरपर्यंत वेळ आहे. तरी आपण ही सवलत नाहीच असे समजून 3 डिसेंबरच्या आत दाखल करा. डिसेंबरच्या अखेरीस न्यायालयाला नाताळची सुट्टी असते.

---

धाकटा_भाऊ

विधी सेवा समितीचा अर्ज आज भरला. वहीची सर्व पाने बंधूंच्या समोर बसून छायांकित करून घेतली. किमान वेतनाची अधिसूचना सोमवारी कामगार आयुक्त कार्यालयातून आणतो. अपील क्रमांक मिळाला की इथे कळवीन.